साडेसातची चाल

माझ्या धाकट्या भावाला, अंबादासला, जाऊन आता सहा आठवडे होतील. तो अकोल्यात गेला तेव्हा मी अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना वर्गसमीकरणं शिकवत होते. फोन भावजयीचा, मंगलाचा होता. "ताई, हे गेले," एवढंच ती बोलली आणि मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. मी फळ्याकडे वळले, अर्धवट राहिलेलं उदाहरण पूर्ण केलं, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि मग मुलांना घरी जायला सांगितलं. असं का केलं ते मला अजूनही सांगता येत नाही. अकोल्याच्या गाडीत बसल्यावर सवयीनं मोबाईल पाहिला. सकाळी साडेसातला आलेली एक सूचना तिथे तशीच पडून होती... 'अकोल्याची चाल झाली आहे.' सकाळी चहा घेताना ती मला दिसली होती आणि मी ती बोटानं बाजूला सारली होती. गेले सात महिने मी ती रोजच बाजूला सारत होते. माझ्या भावाविषयी चार चांगले शब्द लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. चांगले शब्द पुष्कळ आहेत. पण ते लिहिताना मी त्या सात महिन्यांना वळसा घालून गेले, तर तो लेख अंबूचा होणार नाही.

आमचं घर तेल्हाऱ्याचं, माळ्याचं. वांगी, मेथी, दसऱ्याला झेंडू. उन्हाळ्यात मळ्यातली विहीर तळाला जायची आणि पिण्याचं पाणी मी दुसऱ्याच्या विहिरीवरून आणायची, डोक्यावर एक घागर आणि कमरेवर एक. अंबू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. तो मागून रिकामी कळशी वाजवत यायचा आणि वाटेत जे दिसेल त्याचं राज्य करायचा. बांध म्हणजे तट, बाभळीचं झाड म्हणजे चौकी, आणि शेजारच्यांची म्हैस कायमची शत्रुपक्षात. मी त्याला म्हणायची, राज्य नंतर कर, आधी कळशी भर. हे सांगायचं कारण म्हणजे आमचं पुढचं सगळं खेळणं या पाण्याच्या वाटेवरच ठरून गेलेलं होतं, फक्त तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं.

मी अमरावतीला बी.एस्सी. करत होते आणि अंबू अकरावीला माझ्याकडे राहायला आला, त्या वर्षी मी राजापेठेत एक कॉम्प्युटरचा कोर्स लावला. पहिल्या मजल्यावर चार यंत्रं, चपला बाहेर काढून जायचं. तिथल्या सरांनी एका यंत्रावर कुठूनसा एक खेळ टाकून ठेवला होता. पडदा सगळा काळा, मध्ये जमिनीचा एवढासा तुकडा. तिथे एक गाव वसवायचं, मग वाटाड्या पाठवून अंधार थोडा थोडा दूर करायचा, धान्याचं कोठार बांधायचं, रस्ते काढायचे, शेजारच्या राज्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. घाई नाही. एक चाल तुम्ही करायची आणि मग हात बांधून बसायचं, समोरच्यानं चाल करेपर्यंत. अंबू मला न्यायला म्हणून आला होता आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहून त्यानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या आधी तिथे हजर. या खेळाला दुसरा माणूस लागायचा आणि त्याच्या ओळखीत दुसरं माणूस मीच होते. अशी मी त्या राज्यात ओढली गेले, आणि खरं सांगते, मलाही ते आवडायला लागलं.

माझी खोड अशी की, पाणी दिसलं की तिथे गाव वसवायचं. नदी दिसली की माझा हात थांबत नसे. आणि गाव वसवलं की मी त्याला पहारा ठेवायची नाही, सगळी माणसं शेतीला लावायची. अंबूच्या डोक्यात हे काही बसेना. एकदा तो वैतागून म्हणाला, "ताई, तू गाव बसवते अन् पहारेकरी काहून नाही ठेवत? कोणी येईन ना." मी म्हटलं, "कोण येईन? शेजारी तर तूच हायेस." तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हे बरं हाय तुयं." त्यानंतर त्यानं माझ्या गावांवर कधी हल्ला केला नाही. मला पटापट हरवता येत असूनही तो तिसऱ्याच, यंत्राच्या राज्यांशी लढत बसायचा आणि माझी सीमा सांभाळायचा. माझ्या गावांना मी नावंसुद्धा द्यायची नाही, तो द्यायचा. त्याच्या राज्यात अकोला, तेल्हारा, धारणी. माझ्या राज्यात अमरावती आणि मग नदीकाठची सगळी गावं, ज्यांना तो 'ताईची घागर एक', 'ताईची घागर दोन' असं म्हणायचा.

पुढे तो एसटीत लागला आणि अकोल्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक झाला. लोकांना वाटतं, खेळात रमणारा माणूस कामात कच्चा असणार. अंबू उलट होता. धारणीची गाडी घाटात अडली तर परतवाड्याकडची कुठली गाडी कुठे वळवायची हे तो खिडकीत बसल्या बसल्या सांगायचा, आणि ते त्यानं खेळात शिकलं असं ड्रायव्हर लोकांना सांगायचा. ते हसायचे. याला राग येत नसे, तो जेवणाच्या सुट्टीत त्यांना मोबाईलवर काळा पडदा दाखवून समजावत बसायचा. बंदुकांचे खेळ त्याला आवडत नसत, "विचार कराले टाइमच देत नाही" ही त्याची तक्रार. शेतीचा एक खेळ त्यानं मोठ्या हौसेनं घेतला आणि दोन दिवसांत सोडून दिला, कारण त्यात कपाशीवर अळीच येत नव्हती. ट्रक चालवायचा एक खेळ मात्र त्याला जीव की प्राण. परदेशातल्या मोकळ्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक हाकायचा आणि सिग्नल कधी तोडायचा नाही. मंगला म्हणायची, "स्टँडवरून घरी येतात अन् पुन्हा गाडीच चालवतात." पण हे सगळे पाहुणे. घरचा खेळ एकच, आमचा राज्याचा.

तो खेळ मोबाईलवर आला तेव्हापासून आम्ही दोन गावांतून खेळायला लागलो. रोज एक चाल त्याची, एक माझी. तो साडेसातला, ड्युटीवर निघण्याआधी चाल करायचा, मी सकाळच्या दोन बॅच आटोपून दहाच्या सुमारास. नऊ वर्षं हे चाललं. लग्नं, बारशी, भाडेकरूंची भांडणं, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन, सगळं त्या चालींच्या मधल्या जागेत झालं. आणि अंबूनं त्याचं रजिस्टर ठेवलं. स्टँडवरची सवय. तिथे प्रत्येक गाडीपुढे तो वेळ टाकून 'आली' असं लिहायचा, आणि फेरीच झाली नाही तर 'आली नाही'. तसंच लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर त्यानं आमच्या खेळासाठी केलं होतं. तारीख, त्याची चाल, ताईची चाल, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात माझी टिंगल. 'ताईनं पुन्हा पाण्यात घर बांधलं.' मी अकोल्याला गेले की तो ते मला वाचून दाखवायचा आणि मंगला चहा ओतता ओतता हसायची.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास खुर्चीत, एक हात नळ्यांना बांधलेला. नोकरी सुटली. दुसऱ्या हातानं तो खेळायचा. मला म्हणाला होता, "ताई, बाकी खेळ ठीक हायेत, पण आपल्या खेळात कोणतरी पलीकडं बसेल असते. तेवढं चालू ठेवजो." मी चालू ठेवते म्हटलं. दिवसाला दोन मिनिटांचं काम होतं.

जानेवारीत माझ्या बॅच वाढल्या. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर, पालकांचे फोन, सराव पेपर. दोन-तीनदा माझी चाल राहिली आणि अंबूचा फोन आला, ताई, बरी आहेस ना. मला त्या फोनचा राग आला. आता लिहिताना हात जड होतो, पण आला होता. घरचं झालं थोडं, असं मनात म्हणाले. त्या खेळात एक सोय आहे. आपण दुपारी बारापर्यंत चाल केली नाही तर आपल्या नावानं यंत्र चाल करतं. ती सोय मी चालू केली आणि मला हायसं वाटलं. त्याला वाईट वाटायला नको, खेळही बंद पडायला नको. उंटावरून शेळ्या हाकतात असं लोक म्हणतात, मी तर उंटही दुसऱ्याच्या ताब्यात दिला. फेब्रुवारीत त्यानं फोनवर विचारलं, "खेळून राहिली ना ताई?" मी म्हटलं, "हो रे, रोज खेळते ना." तो "बरं" म्हणाला. परीक्षा मार्चमध्ये संपल्या. सोय बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. लक्षात होतं. आठवण मला रोज साडेसातला येत होती.

जूनमध्ये मी अकोल्याला त्याला भेटायला गेले. चेहरा सुजलेला, मनगटं काटकुळी. मंगला स्वयंपाकघरात होती. अंबू पलंगावर उशीला टेकून बसला होता, मोबाईल पोटावर. तो सहज म्हणाला, "तेल्हारा घेतलं ना तू माह्यं." मला काही समजेना. माझ्या राज्यात काय चाललंय हे मला पाच महिन्यांत माहीतच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, मी मोठ्यानं हसले आणि म्हटलं, "घेतलं की. तू बेसावध होतास." त्यानं विचारलं, "कसं घेतलं?" मी म्हटलं, "घोडेस्वार पाठवले." तो माझ्याकडे पाहत राहिला. अकरावीतला अंबू ज्या नजरेनं पाहायचा त्याच नजरेनं. मग म्हणाला, "चांगलं जमलं तुले." आणि मंगलाला हाक मारून सांगितलं, ताईसाठी भाकर टाक, ती जेवून जाईल. त्यानं मला एक दार उघडून दिलं होतं. मी त्या दारातून आत न जाता बाहेरूनच ते लोटून घेतलं आणि पाचची गाडी पकडली.

ऑगस्टमध्ये तो गेला. सकाळी साडेसातला चाल करून, अकराला. बारा वाजता, तो नसताना, यंत्रानं माझ्या नावानं त्याला उत्तर दिलं. तेरवीला घर माणसांनी भरलेलं होतं. जेवणं झाल्यावर मंगला बायकांमध्ये बसली होती, ती मला जवळ ओढून सगळ्यांना म्हणाली, "बाकीचे सख्खे लोक मोबाईलवर खुशाली विचारून मोकळे झाले. पण आमच्या ताईनं शेवटच्या दिवसापावतर ह्यायची सोबत नाही सोडली. रोज खेळल्या." बायकांनी माना हलवल्या. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो हात फिरू दिला. आयुष्यात पुष्कळ वेळा माझं खोटं पकडलं गेलं आहे, पण खोट्याबद्दल माझा असा मान कधी झाला नव्हता. निघताना मंगलानं ते निळं रजिस्टर माझ्या पिशवीत घातलं. "तुमचंच हाय," म्हणाली.

आठ दिवस ते मी उघडलं नाही. मग एका दुपारी, दोन बॅचच्या मधल्या वेळात, जानेवारीचं पान काढलं. त्याचं अक्षर स्वच्छ, जरा उजवीकडे कललेलं. मी सोय चालू केली त्याच्या तिसऱ्या दिवशी शेरा होता, 'ताईनं माझ्या हद्दीवर पहारा ठेवला.' दुसऱ्या दिवशी, 'आज पहारा दुप्पट.' आणि त्याच्या खाली, 'ही ताई नाही.' यंत्राला काय माहीत, शेजारी कोण आहे ते. त्यानं शेजाऱ्याकडे तोंड करून फौज उभी केली, आणि त्या फौजेवरून माझ्या भावानं मला नव्हे, माझ्या नसण्याला ओळखलं. त्यानंतर माझ्या रकान्यात त्यानं चाल लिहिणं सोडून दिलं. रोज एकच, 'आली नाही.' शेऱ्यात सुरुवातीला काही दिवस होतं, 'परीक्षा आहेत, मग येईल.' मार्च संपल्यावर शेरे थांबले. एप्रिलमध्ये एकच मोठा शेरा आहे. 'तेल्हारा गेलं. होड्यांतून आले होते. परत घेता येतं, पण झेंडा ताईचा आहे, त्यावर कसं चालून जायचं.' होड्यांतून. घोडेस्वार नाही. जूनच्या त्या भेटीच्या तारखेपुढे मी शेरा शोधला. तिथे काही नव्हतं, फक्त माझ्या रकान्यात नेहमीचंच, 'आली नाही.' त्या दिवशी मी त्याच्या घरी भाकर खाऊन आले होते.

मग मी सात महिन्यांनी तो खेळ उघडला. धारणीही गेली होती. नकाशावर चहूकडे माझा रंग, मध्ये त्याचं एकटं अकोला, आणि अकोल्याभोवती माझ्या झेंड्याची फौज. मी ती आपोआपची सोय बंद केली आणि फौज मागे घ्यायला गेले. घेता आली नाही. माझी चाल झालेली होती आणि आता चाल अकोल्याची होती. खाली लिहून येत होतं की अकोल्याची वाट पाहत आहे. अजूनही येतं.

गेल्या रविवारी मी रजिस्टर घेऊन मंगलाकडे गेले. हा लेख छापून यायच्या आधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. सगळं सांगितलं, घोडेस्वारांसकट. ती भिंतीकडे बघत ऐकत होती. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला उठवून लावेल. ती म्हणाली, "जुलैत लय खालावले होते ताई. मी म्हटलं, ताईंले फोन करते, चार दिस येऊन राह्यतील. हे म्हणत, नको करू. ताई रोज भेटते मले, तिले सगळं माहीत हाय. म्हणून नाही केला मी फोन."

मला वाचवायला त्यानं माझंच खोटं पुढे चालवलं, आणि त्या खोट्यानं माझे त्याच्याजवळचे शेवटचे दिवस नेले. मी मंगलाला म्हटलं, मला माफ कर असं म्हणायलाही मी आलेली नाही. ती "हो" म्हणाली. त्या 'हो'चा अर्थ मी तिला विचारला नाही. तिनं रजिस्टर माझ्या हातातून घेतलं आणि पानं उलटायला लागली, एकेका ओळीवर बोट ठेवून. मे महिन्यात तिचं बोट थांबलं.

सात महिन्यांच्या 'आली नाही'मध्ये तिथे एक ओळ वेगळी होती. ती मी वाचली होती, पण माझा विश्वास बसला नव्हता. 'आली. दहा वाजून वीस मिनिटं. नदीकाठी गाव, पहारा नाही.' आणि शेऱ्यात, 'ताईची घागर सात.' मी खूप आठवून पाहिलं. मेमध्ये मी दाताच्या डॉक्टरांकडे ताटकळत बसले होते आणि वेळ जाईना म्हणून कधीतरी तो खेळ उघडला होता, पाणी दिसलं तिथे एक गाव टाकलं होतं, तेवढ्यात माझा नंबर आला. नकाशा नीट पाहिलाही नव्हता. मी ते विसरूनसुद्धा गेले होते.

मंगला तारखेकडे पाहून म्हणाली, "या दिवशी ह्यायनं आलूबोंडे आणले होते. डायलिसिसहून येता येता रिक्षा थांबवून. मी रागावली, तुमाले चालते का हे. तर म्हणे, मी अर्धाच खातो, बाकी तू खाय, आज खायचा दिवस हाय. काहून ते सांगतलंच नाही." ती हसली आणि मग तिचा चेहरा आवळला.

निघायच्या आधी तिनं शेवटचं पान काढलं. तो गेला त्या दिवसाची ओळ. तारीख त्याच्या अक्षरात, साडेसातची चाल त्याच्या अक्षरात. अकोल्याच्या वेशीवरचा एकुलता एक पहारा त्या सकाळी त्यानं काढून घेतला होता. माझा रकाना तो बारानंतर भरायचा, तो कोरा राहिला होता. मंगला उठली, देवाजवळच्या डब्यातून पेन आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "ह्यायले रकाना खाली राहेल चालत नसे," ती म्हणाली. मी मास्तरीण आहे, माझं अक्षर बिघडत नाही. वेळेच्या जागी बारा लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'आली नाही.'